पाठीवरची गाठ पिळली, परत आली. आता सर्जन थांबा म्हणतात

कुंपणावरचा:
पाठीवर चार वर्षांपासून सुपारीएवढी गाठ आहे, मधोमध काळा ठिपका. गेल्या महिन्यात बायकोला पिळायला लावली (हो, आगाऊपणा माझाच). टूथपेस्टसारखं काहीतरी निघालं, वास असा की खिडक्या उघडल्या. आठवडाभर सपाट, आता पुन्हा तेवढीच, लालबुंद आणि ठणकतेय. सर्जन म्हणाले, आत्ता काढत नाही, सूज उतरू दे. गोळ्या दिल्या. टाळताहेत का? कागदावर 'सिस्ट' लिहिलंय, पण मेहुणा म्हणतो ट्यूमरच तो. झोप उडालीय.

निवांत:
टाळत नाहीयेत हो. माझी मानेवर होती, दोनदा टेबलावर गेलो. पहिल्यांदा सुजलेलीच होती, चीर देऊन पू काढला. हायसं वाटलं, पण सिस्टची पिशवी आतच राहिली आणि सात महिन्यांनी त्याच जागी हजर! ही पिशवी कातडीच्याच पेशींची असते. कातडी मेलेल्या पेशी बाहेर टाकते, ही आतल्या आत साठवते. तो पांढरा लगदा म्हणजे केराटिन, नखांत असतं तेच. माल काढून उपयोग नाही, कारखाना उचलावा लागतो. सूज असताना पिशवी आजूबाजूला चिकटलेली असते, सोलताना फाटते.

दुसऱ्या वेळी तेवढ्या भागापुरती भूल दिली. सुई टोचताना जळजळलं, मग नुसतं ओढल्यासारखं. कात्रीचा करकर आवाज मात्र ऐकू येतो, त्याची तयारी ठेवा. अख्खी पिशवी ट्रेमध्ये दाखवली, ओल्या मोत्यासारखी. टाके बाराव्या दिवशी काढले.

रातराणी:
मेहुण्यांना सांगा, ट्यूमर म्हणजे पेशींची जादा वाढ; तेवढ्यावरून ती कर्करोगाची ठरत नाही. माझ्या दंडावरचा लायपोमा, म्हणजे चरबीची गाठ, हाही ट्यूमरच. मऊ, बोटाखाली सटकायचा, ठिपका नव्हता. गाठ कडक असेल, जागची हलत नसेल, भराभर वाढत असेल किंवा पाच सेंटिमीटरहून मोठी असेल, तर मात्र आधी स्कॅन, गरज पडली तर सुईने नमुना, मगच सुरी. आणि काढलेली गाठ पॅथॉलॉजीला जाणार का, हे आधीच विचारा. माझी पाठवली होती. रिपोर्टमध्ये साधी चरबी निघाली, पण तो हातात पडेपर्यंत मी दंड चाचपतच होते.

कुंपणावरचा:
आभार दोघांचे. सहा आठवड्यांनंतरची तारीख घेतलीय. तोवर पाठीला हात लावायला बायकोने साफ नकार दिलाय.