फिटच्या गोळीची रिॲक्शन : कातडी भरून आली, पण डोळे?

तासगावची आई
माझा मुलगा सहा वर्षांचा. फिट येते म्हणून कार्बामॅझेपिन सुरू केलं. चौदाव्या दिवशी ताप आला, डोळे लाल झाले, ओठ सोलवटले, पाणीसुद्धा गिळवेना. घरच्यांना गोवर वाटला. उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला आणि गोळी मात्र मी वेळेवर देत राहिले. ते दोन दिवस माझ्या मनातून जातच नाहीत. तिसऱ्या दिवशी शर्ट काढताना पाठीची कातडी शर्टाबरोबर निघाली, जास्त पिकलेल्या द्राक्षमण्याची साल सुटावी तशी. मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी गोळी बंद केली, स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम सांगितलं, म्हणजे औषधाची कातडी सोलवटणारी गंभीर रिॲक्शन. १९ दिवस ॲडमिट होता.

आता महिना झाला. अंगावरची कातडी भरून आलीय, पण सकाळी डोळे चिकटतात, उन्हात बघवत नाही. आणि नवीन गोळी, लेव्हेटिरासिटाम, देताना हात थरथरतो. बंद करू का?

विटेकर_काकू
अगं, डोळ्यांकडे दुर्लक्ष करू नकोस. माझ्या लेकीला सल्फाच्या औषधानं हेच झालं होतं. कातडी बरी झाली म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. पापणीचे केस आतल्या बाजूला वळून बुबुळाला घासत होते, ते चार महिन्यांनी कळलं. अजून दिवसातून सहा वेळा थेंब घालावे लागतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना याच आठवड्यात दाखव. आणि गोवरच वाटतो गं सगळ्यांना, स्वतःला दोष देऊ नकोस.

मिरज_मेडिकल
ताई, माझं औषधांचं दुकान आहे. नवीन गोळी मनानं बंद करू नका, फिट लांबली तर जिवावर बेतेल. लेव्हेटिरासिटाम वेगळ्या घरातलं औषध आहे. फेनिटॉइन आणि फिनोबार्बिटोन ही फिटची औषधं मात्र कार्बामॅझेपिनच्याच भावकीतली, ती त्याला द्यायची नाहीत. ही रिॲक्शन बहुतेक वेळा गोळी सुरू केल्यापासून ४ ते २८ दिवसांत दिसते, म्हणून या दिवसांत ताप, तोंडात फोड किंवा डोळ्यांची आग दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कार्बामॅझेपिनचं नाव कार्डावर लिहून दप्तरात ठेवा. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहा. औषधाची रिॲक्शन सरकारी हेल्पलाइनला १८००-१८०-३०२४ वर कळवता येते, फोन फुकट आहे.

तासगावची आई
काकू, दादा, गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मिळाली. कार्ड आत्ताच लिहिलं, मराठीत आणि इंग्रजीत. त्याच्या बाईंनाही एक देतेय.