गॅमा कॅमेऱ्याची सीओआर चाचणी दर आठवड्याला पास, तरी हेड २ ची चित्रं धूसर – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मुंबईच्या उपनगरातल्या एका मध्यम रुग्णालयात न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे. आमचा गॅमा कॅमेरा (शरीरातल्या किरणोत्सारी औषधाचं चित्र घेणारा) दोन हेडचा, म्हणजे दोन डिटेक्टरचा, वयाने बराच ज्येष्ठ. महिन्याभरापासून हृदयाच्या स्पेक्टमध्ये (हेड फिरवून घेतलेल्या त्रिमितीय चित्रात) ॲपेक्सपाशी, म्हणजे हृदयाच्या टोकाशी, काहीतरी चुकल्यासारखं दिसतं, असं आमच्या डॉक्टर मॅडम म्हणताहेत. आधी मी पेशंट हलला असेल म्हणून सोडून दिलं. पण दहाच्या दहा पेशंट कसे हलतील?

मग सकाळी टेक्नीशियमचा थेंब सिरिंजमध्ये घेऊन (१ मिलिक्युरीच्या आतबाहेर) सेंटर ऑफ रोटेशन (सीओआर: चित्राचा मध्य आणि हेड फिरण्याचा अक्ष जुळतात का, ही चाचणी) पुन्हा केलं. १२८ चं मॅट्रिक्स, पिक्सेल ४.८ मिमी, पूर्ण ३६० अंश. दोन्ही हेडचा X मधला (आडवा) ऑफसेट, म्हणजे सरक, अर्ध्या पिक्सेलच्या बराच आत. सॉफ्टवेअर हिरवा टिळा लावून मोकळं. कंपनीचे इंजिनीअर दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा कॅलिब्रेशन करून, चहा पिऊन परत.

पण सॉफ्टवेअर Y चा (अक्षाच्या दिशेचा) आलेख दाखवतच नाही. मी कच्चा डेटा काढून प्रत्येक फ्रेममधल्या बिंदूचा Y एक्सेलमध्ये मांडला. हेड १ ची रेघ सपाट. हेड २ ची मात्र एका फेरीत एक लाट, वर-खाली मिळून साधारण ०.७ पिक्सेल. सोर्स अक्षापासून १० सेंमीवर होता. रिकन्स्ट्रक्शनमध्येही (सगळ्या फ्रेम जोडून बनवलेल्या चित्रात) मध्यावर ठेवलेला बिंदू टाचणीच्या डोक्याएवढा, बाहेरचा शेजारच्या स्लाइसमध्ये सांडलेला.

हेड तिरकं बसलंय, की कोलिमेटरची (हेडसमोरच्या शिशाच्या जाळीची) भोकं तिरकी, की गॅन्ट्रीचं (हेड फिरवणाऱ्या सांगाड्याचं) बेअरिंग गेलं? इंजिनीअरला पुन्हा बोलवायचं तर हातात पुरावा हवा. तोवर हृदयाचे स्टडी फक्त हेड १ वर घेतोय, वेळ दुप्पट लागतो आणि बाहेर बाकावरची माणसं माझ्याकडे बघत असतात.

प्रतिसाद

Y पाहिलात हे उत्तम केलंत, बहुतेक जण तिथवर जातच नाहीत. सीओआरची नेहमीची चाचणी आडवा ऑफसेट पाहते. हेड अक्षाला समांतर नसेल तर चूक अक्षाच्या दिशेने होते, ती त्या हिरव्या टिळ्याला दिसत नाही.

तुमच्याच आकड्यांवरून: ०.७ पिक्सेल म्हणजे ३.४ मिमी, त्याचं अर्धं १.७. भागिले १०० मिमी. जवळपास १ अंशाचा तिरकेपणा. पण हे निदान पक्कं करायला दोन गोष्टी करा.

सोर्स बरोबर अक्षावर ठेवून फेरी घ्या. तिरकेपणा स्थिर असेल तर लाट जायला हवी, कारण लाटेची उंची अक्षापासूनच्या अंतरावर ठरते. तरीही Y हलला तर हेड फिरताना स्वतःच्या वजनाने वाकतंय किंवा बेअरिंग सैल आहे, म्हणजे खर्च मोठा. दुसरं, मिडियम एनर्जीचे कोलिमेटर चढवून तोच प्रयोग करा. लाट तशीच राहिली तर दोष हेडचा, गायब झाली तर पहिल्या कोलिमेटरच्या भोकांचा किंवा त्याच्या बसण्याचा.

आणि नागदेवी स्ट्रीटवरून एक डिजिटल लेव्हल आणा. गवंड्याच्या पाणसळीवर १ अंश कळेल, पण आकडा मिळणार नाही. ती प्लास्टिकच्या कव्हरवर नको, कोलिमेटरच्या धातूवर, अक्षाच्या दिशेने धरा. हेड वर असताना एक वाचन, खाली असताना दुसरं, लेव्हलची दिशा न बदलता. दोन्हींतल्या फरकाचं अर्धं म्हणजे तिरकेपणा. गॅन्ट्रीच मुळात थोडी कललेली असेल तर तो भाग यात आपोआप वजा होतो. एकाच वाचनावर भरवसा ठेवून पूर्वी मी स्वतः फसलोय.

धागाकर्ता

आभार! लेव्हलने ०.९ अंश आला. अक्षावरच्या सोर्सची रेघ सपाट. मिडियम एनर्जीवरही लाट कायम. तिन्ही आलेखांचे प्रिंट काढून इंजिनीअरच्या टेबलावर ठेवले, या वेळी चहा नंतर. हेडचं माउंटिंग उघडून शिमा (पातळ धातूच्या चकत्या) लावायच्या ठरल्या आहेत.

एक विचारायचं राहिलं: हेड सरळ झाल्यावर जुनं सीओआर कॅलिब्रेशन फेकून सगळ्या कोलिमेटरचं नव्याने करायचं ना, दोन हेडमध्ये ९० आणि १८० अंश अशा दोन्ही मांडण्यांत?

प्रतिसाद

हो, दोन्हींत, आणि प्रत्येक कोलिमेटरचं वेगळं. त्यानंतर Y पुन्हा काढा, तो इंजिनीअर निघायच्या आधी.