मदत हवी: एलियन आयसोलेशनमधे दवाखान्यात अडकलोय, तीन आठवडे झाले कपाटातून बाहेर पडता येईना

भुसावळी_पोरगं

नमस्कार मंडळी, आधीच सांगतो मी काही मोठा गेमर वगैरे नाही, क्रिकेट आणि गाड्यांचे गेम सोडून आजवर काही खेळलेलो नाही. सेलमधे स्वस्तात दिसला म्हणून एलियन आयसोलेशन घेतला. २०१४ चा गेम आहे, माझ्या म्हाताऱ्या पीसीवर चालेल का अशी धाकधूक होती पण मस्त चालतो, फक्त ३५ जीबी उतरवता उतरवता दोन रात्री गेल्या.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी, १९७९ च्या 'एलियन' पिक्चरमधली जी रिप्ली, तिची पोरगी अमांडा ही आपली हिरॉइन. पिक्चरनंतर १५ वर्षांनी म्हणजे २१३७ साली ती आईचा पत्ता लागतो का बघायला सेवास्तोपोल नावाच्या अंतराळ स्थानकावर येते, आणि तिथे तो राक्षस, म्हणजे एलियन, मोकाट फिरतोय. सगळं जुन्या पद्धतीचं, डब्बा टीव्हीसारखे मॉनिटर, खटखट वाजणारी बटणं, मला तर आमच्या स्टेशनवरचं जुनं ऑफिसच आठवलं.

तर मी मिशन ५ ला आहे. सॅन क्रिस्टोबाल दवाखाना. आपल्यासोबतची टेलर जखमी आहे, तिच्यासाठी ट्रॉमा किट (जखमेवरच्या उपचाराची पेटी) न्यायचंय. तो कुलमन डॉक्टर स्वतः दार लावून आत बसलाय आणि मला सांगतो वॉर्डातून जा, मॉर्ले डॉक्टरचं कार्ड आण. वा रे डॉक्टर. तोवर एलियन नुसता दर्शन देऊन जात होता, इथे पहिल्यांदा तो खरंच मागे लागतो आणि तेव्हापासून मी कपाटात आहे. गंमत नाही करत, एका रात्री घड्याळ लावून बघितलं, चाळीस मिनिटं खेळलो त्यातली निम्म्याहून जास्त कपाटात. जाळीतून बघत बसायचं, तो येतो, हुंगतो, जातो, मी बाहेर पडतो, चार पावलं टाकली की वरून धप्पकन खाली, खेळ खल्लास. तो कुठून येतो तेच कळत नाही!

त्यात सेव्ह आपोआप होत नाही, भिंतीवरच्या फोनपाशी जाऊन कार्ड टाकायचं, एकेक करत तीन दिवे लागेपर्यंत थांबायचं, तेव्हा कुठे सेव्ह. दोनदा तर दुसऱ्या दिव्याला मागून शेपूट छातीतून आरपार. आणि दोनदा लाईट गेली. आमच्याकडे मे महिन्यात लाईटचं काय असतं ते इथल्या लोकांना सांगायला नको, इन्व्हर्टरवर पंखा चालतो, पीसी नाही.

प्रश्न असे की कपाटात किती वेळ बसायचं, तो मरतो का कशाने, आणि ट्रॅकर (आसपासची हालचाल ठिपक्याने दाखवणारं यंत्र) हातात असूनही तो मला न दिसता कसा येतो. मी रात्री अकरानंतर खेळतो, घरचे सगळे गच्चीवर झोपतात, मी खाली कुलर लावून बसतो कारण नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं ते पण रात्रीच, कोणी तरी जागं पाहिजे ना मोटर लावायला. तर रोजचे दोन तास आहेत हातात. कृपया शेवटी काय होतं ते सांगू नका.

धुळेकर

भाऊ, तू कपाटमा बशीसन काय करी राह्यना? मी बी तठेच अटकेल व्हतू.

पहिली गोष्ट, तो मरत नाही. पिस्तूल मारून बघितलं असशील तर कळलंच असेल, उलट आवाजाने पळत येतो. पुढे आगीची बंदूक मिळते, तिने सुद्धा तो फक्त पळून जातो आणि थोड्या वेळाने परत हजर. तुझ्याकडे नॉइजमेकर (आवाज करून त्याला तिकडे ओढणारी वस्तू) बनवायचं सामान असेल तर बनव, लांब फेक, तो तिकडे गेला की तू इकडून. मोलोटोव्ह (पेटती बाटली) झाला असेल तर तो जपून ठेव. आणि हो, सामान जोडताना गेम थांबत नाही बरं, टर्मिनल (गेममधले कॉम्प्युटर) वाचताना पण नाही. मी निवांत टर्मिनलवरच्या मेल वाचत बसलो होतो पेपर वाचल्यासारखा, मान तिथेच गेली.

केळीचं_पान

तो दिसत नाही कारण ट्रॅकर फक्त हलणारी वस्तू दाखवतो आणि ती पण नीट तुझ्या समोरच्या बाजूची. तो छताच्या भोकात गप बसला की ठिपका गायब. वरच्या गोल झडपेतून लाळ टपकताना दिसली की त्याच्याखालून जायचं नाही, तो वर दबा धरून बसलेला असतो, खालून गेलास की उचलला. नव्वद टक्के लोक असेच मरतात (टक्का माझा अंदाज, वाद घालू नका).

आता थोडं आतलं सांगतो, मला या गेमचं हेच सगळ्यात भारी वाटतं. याच्यात दोन मेंदू आहेत. एक वरचा, त्याला डायरेक्टर म्हणतात, त्याला तू कुठे आहेस ते कायम माहीत असतं. दुसरा एलियनचा स्वतःचा, त्याला माहीत नसतं, त्याने डोळ्याकानानेच शोधायचं. डायरेक्टर त्याला अधूनमधून नुसता इशारा देतो की पोरगा त्या भागात आहे, कपाटाचा नंबर सांगत नाही. जसं गल्लीत कोणी सांगावं की तो उधारीवाला इथेच कुठेतरी राहतो, दार तू शोध. आणि डायरेक्टर तुझ्यावरच्या दडपणाचं माप ठेवतो, एलियन बराच वेळ तुझ्याजवळ घुटमळला की ते भरतं आणि मग तो त्याला मुद्दाम वर झडपेत पाठवून देतो, तुला श्वास घ्यायला. तीच तुझी वेळ! तू बहुतेक तेव्हा पण घाबरून आतच बसतोस आणि तो परत आल्यावर निघतोस.

कपाट वाईट नाही पण सवय वाईट. एकच युक्ती सारखी वापरलीस की तो पण शिकतो, पुढे पुढे कपाटं जास्त तपासतो. टेबलाखाली, स्ट्रेचरखाली लपत जा, तिथून किमान सरकता येतं. पळायचं नाही, वाकून चालायचं. कपाटात असताना तो जाळीला तोंड लावायला लागला की मागे सरकायचं आणि श्वास रोखायचा, पण जास्त वेळ रोखलास तर तब्येत कमी होते.

पुण्यात_अडकलेला_जळगावकर

नंतरच्या अपडेटमधे नोव्हिस नावाची सगळ्यात सोपी लेव्हल आली आहे, तिच्यावर खेळ की राव. लाज कशाची.

भुसावळी_पोरगं

सगळ्यांचे आभार. नोव्हिस नको, बहीण आधीच हसते. ती परवा मागे उभी राहून बघत होती, म्हणे दादा हा गेम आहे का कपाटाची जाहिरात.

केळीचं_पान, तुमचं वाचून काल खेळलो. लाळेचं खरं निघालं, एका ठिकाणी मी रोज तिथूनच जात होतो. पण तो वर गेला हे ओळखायचं कसं? झडपेत गेला काय आणि पुढच्या खोलीत गेला काय, मला ठिपका सारखाच दिसतो.

धुळेकर

आवाजावरून ना भाऊ. जमिनीवर असला की धप धप पावलं, वर गेला की पत्रा वाजल्यासारखं खडखड डोक्यावरून जातं. एवढं स्पष्ट की आंधळा खेळेल.

भुसावळी_पोरगं

मला तर असं काहीच ऐकू आलं नाही आजवर. आवाज फुल्ल आहे. स्पीकर जुने आहेत पण गाणी चांगली वाजतात.

पुण्यात_अडकलेला_जळगावकर

थांब थांब. तू वर लिहिलंस की कुलर लावून बसतो. कुठला कुलर? तो मोठा पत्र्याचा, खिडकीत लावतात तो का?

भुसावळी_पोरगं

हो तोच, मोठा. ४५ च्या वर पारा आहे इथे, रात्री बाराला भिंती गरम लागतात, कुलर बंद करून एलियनच्या आधी मीच मरायचो.

पुण्यात_अडकलेला_जळगावकर

अरे देवा 😂 तो कुलर म्हणजे घरात ट्रक चालू ठेवल्यासारखा असतो, आमच्या घरी टीव्हीवर बातम्या तोंडाच्या हालचालीवरून समजून घ्यायचो उन्हाळाभर. हा गेम अर्धा कानाने खेळायचा आहे आणि तू तीन आठवडे बहिऱ्यासारखा खेळतोयस. हेडफोन लाव!

भुसावळी_पोरगं

हेडफोन आहेत हो, पण लावले तर नळाचा आवाज येत नाही. आमच्या इथे पाणी आलं की आधी नळ फुस्स करतो हवेचा, तो ऐकला नाही तर पुढच्या गल्लीतल्या मोटरी सुरू होतात आणि आमच्या टाकीला ठणठणगोपाळ. मग घरात जो राक्षस उठतो (आई) त्याच्यावर आगीची बंदूक चालत नाही.

केळीचं_पान

हसू आवरेना. नळाखाली रिकामं पत्र्याचं डबडं ठेव आणि बहिणीला ओट्यावर झोपव, एका कुल्फीत काम होईल.

आणि ट्रॅकर सारखा वर धरू नकोस, तो जवळ असला की त्याला ट्रॅकरची टिकटिक ऐकू जाते. एक नजर टाकायची आणि खाली घ्यायचा.

भुसावळी_पोरगं

अपडेट देतो. बहीण दोन कुल्फ्यांवर मानली. हेडफोन लावून बसलो आणि खरं सांगतो पहिल्या पाच मिनिटांत घाम फुटला, तो कुलर असूनही थांबायचं नाव घेईना. काय आवाज आहेत! मला वाटायचं दवाखाना शांत आहे. तो डोक्यावरून जातो तर मान आपोआप खाली जाते माझी. दोनदा ऐकलं की खडखड लांब गेली, निघालो, वाकून वाकून, स्ट्रेचरखाली थांबत, कपाटात एकदाच गेलो ते पण जुन्या ओळखीने. कार्ड मिळालं, पुढच्या दाराचा कोड टर्मिनलवरच सापडला, ट्रॉमा किट घेतलं.

आत्ता सेव्हचा फोन समोर दिसतोय, बारा पंधरा पावलं. ठिपका नाही, वर आवाज नाही, लाळ नाही. आणि बहीण बाहेरून ओरडली, दादा नळ फुसफुसला.

पॉज मेनू लावला तर तो थांबतो ना नक्की? लवकर सांगा, मी मोटर लावून येतो.

धुळेकर

मेनूमधे थांबतो. लाईट थांबस का ते देख.