लो अँगल म्हणजे सत्ता, निळा म्हणजे दुःख. पुरे झालं!

शेवटची_रांग:
'सिनेमा कसा वाचावा' नावाची एक लांबलचक पोस्ट दोन दिवस फिरतेय, तुम्हीही वाचली असेलच. कॅमेरा खालून लावला की पात्र बलवान, वरून लावला की दुबळं, निळा रंग म्हणजे दुःख, आरशात चेहरा म्हणजे दुभंगलेलं मन. अरे सिनेमा आहे की स्वप्नफलाचं पुस्तक? पाल अंगावर पडली तर अमुक, साप दिसला तर तमुक. मी चाळीस वर्षं सिनेमे बघतोय, एकदाही 'अहाहा काय तो अँगल' म्हणून डोळ्यांत पाणी आलं नाही. आलं ते माणसांमुळे, गोष्टीमुळे.

कहर म्हणजे 'द गॉडफादर'मध्ये (१९७२) नट मार्लन ब्रँडोचे डोळे अंधारात का, यावर दोन परिच्छेद. आत्म्याचा काळोख म्हणे. कॅमेरामन गॉर्डन विलिस स्वतः सांगून गेलाय की दिवे वरून लावले ते ब्रँडोच्या मेकअपमुळे. मेकअप! घ्या आता आत्मा.

कात्री_आणि_डिंक:
मेकअपमुळे, मान्य. मग पुढे काय? तुम्हाला त्या माणसाचे डोळे दिसत नाहीत, म्हणून याच्या मनात नक्की काय चाललंय ते हुडकत तुम्ही खुर्चीत पुढे सरकता की नाही? कारण मेकअप असो नाहीतर बल्ब उडालेला असो, बघणाऱ्यावर व्हायचा तो परिणाम होतोच.

माझं पोट एडिटिंगवर आहे म्हणून एक किस्सा सांगतो. एका निरोप समारंभाचा व्हिडिओ करून दिला होता. निवृत्त होणाऱ्या बाई भाषणात मध्येच अडखळल्या, तेवढा तुकडा कापला, आणि जोड दिसू नये म्हणून वर पहिल्या रांगेतला दोन सेकंदांचा शॉट टाकला. त्यात त्यांचे साहेब मनगट वळवून घड्याळ बघतायत. तो शॉट भाषणाच्या वीस मिनिटं आधीचा, पाहुणे यायचे होते तेव्हाचा. साहेब भाषणभर मान हलवत ऐकत होते, माझ्याकडे तेही फुटेज होतं, हाताला आधी हा शॉट लागला इतकंच. बाईंचा फोन आला, "इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली आणि मी बोलत असताना हे घड्याळ बघतात?" मी खरं काय ते सांगितलं. पटलं नाही त्यांना. स्वतः तिथे हजर होत्या हो त्या! तरी पडद्यावर दिसलं तेच खरं ठरलं.

आता सांगा, अर्थ गोष्टीत होता की माझ्या दोन सेकंदांत?

पॉपकॉर्न_विरोधी:
कात्री, +१. हाच तो रशियन दिग्दर्शक कुलेशोवचा प्रयोग. १९२० च्या आसपासची गोष्ट, एका नटाचा तोच कोरा चेहरा, एकदा सुपाच्या वाडग्याला जोडला, एकदा शवपेटीला, आणि लोक म्हणाले काय अभिनय केलाय, भूक काय, दुःख काय. शे. रां., तुम्ही ज्या 'माणसांमुळे' रडलात त्यातला निम्मा अभिनय एडिटिंग टेबलावर झालेला असतो.

शेवटची_रांग:
आला कुलेशोव! वाटच बघत होतो. त्या प्रयोगाची मूळ फिल्म कुणी बघितलीय? हरवलीय ती. त्याच्या शिष्याने, पुदोव्किनने लिहून ठेवलं त्यावर शंभर वर्षं गाडी चाललीय, आणि शवपेटीत कुणी म्हणतं बाई, कुणी म्हणतं मूल. ऐकीव गोष्टीवर अख्खं शास्त्र उभं केलंत.

कात्री, तुमच्या बाईंबद्दल वाईट वाटलं. पण ती तुमची चूक झाली, कला नव्हे.

कात्री_आणि_डिंक:
चूकच, पण चुकीनेसुद्धा अर्थ तयार होतो हेच तर सांगतोय ना! उलटा चष्मा लावून वाचता का?

अर्धवट_अभ्यासू:
दोघेही थांबा जरा. त्या पोस्टमधला 'अमुक अँगल म्हणजे तमुक' हा तक्ता बकवास आहे यावर माझी सही घ्या. 'सिटिझन केन' (१९४१) घ्या, नायक केन निवडणूक हरलाय, मित्र पिऊन येऊन त्याला सुनावतोय, आणि दिग्दर्शक वेल्सने त्या सीनला कॅमेरा जमिनीच्या पातळीला न्यायला सेटच्या फरशीला भोक पाडलं. यापेक्षा लो अँगल कुठून आणायचा? तक्त्याप्रमाणे केन बलवान. प्रत्यक्षात तो धिप्पाड माणूस रिकाम्या ऑफिसात उभा आहे, डोक्यावर छत आलंय आणि पायाशी हरलेल्या प्रचाराचा कचरा. जितका मोठा दिसतो तितका केविलवाणा वाटतो. म्हणजे अँगलला ठरलेला अर्थ नाही, पण तोच सीन डोळ्यांच्या उंचीवरून घेतला असता तर दोन माणसं बोलतायत, संपलं.

आणि 'सैराट'चा (२०१६) शेवट. मूल रडतंय आणि आपल्याला ऐकू येत नाही. गोष्टीत आवाज बंद झालेला नाही, दिग्दर्शकाने काढून घेतलाय. तिथे तुम्हाला काय झालं होतं ते प्रामाणिकपणे सांगा.

शेवटची_रांग:
सैराटला घशात आलं होतं. लिहून घ्या आणि फ्रेम करून लावा. पण आवाज म्हणजे कॅमेरा नव्हे, तुम्ही मैदानच मोठं करत चाललात.

उजेड_पाडा_रे:
अर्थ-बिर्थ राहू द्या, आधी दिसू तर द्या! हल्ली निम्मे सीन काळे. माझ्या वडिलांनी परवा एक आख्खी मारामारी बघून विचारलं, "मेलं कोण?" मलाही माहीत नव्हतं, दहा मिनिटं मागे घेतलं तरी कळेना. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या त्या रात्रीच्या युद्धावरून २०१९ ला एवढी बोंब झाली तेव्हा कॅमेरामन काय म्हणाला, तर लोकांना टीव्ही नीट सेट करता येत नाही. वा रे वा. स्वयंपाक करपला तर जेवणाऱ्याची जीभ खराब.

पॉपकॉर्न_विरोधी:
खिडकीतून भरदुपारचं ऊन पडद्यावर घेऊन बघाल तर काळंच दिसणार.

उजेड_पाडा_रे:
रात्री साडेदहाला, दिवे बंद करून. अजून काही?

मोठा_पडदा_लहान_घर:
उजेड, वैतागू नका, त्या कॅमेरामनचं अर्धं बरोबर आहे. टीव्ही दुकानात झगमगावा म्हणून सेट केलेला येतो आणि आपण तसाच वापरतो. पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा असला तर 'फिल्ममेकर' करून बघा. अर्थात फोनवर बसमध्ये बघणार असाल तर देवही वाचवू शकत नाही.

उजेड_पाडा_रे:
म्हणजे सिनेमा बघायला आधी डिप्लोमा करायचा. (केला मोड. थोडं बरं दिसतंय. थोडंच.)

शेवटची_रांग:
टीव्हीवर आलोच आहोत तर माझंही ऐका. गेल्या महिन्यात नवीन मोठा घेतला, हौसेने माझा सगळ्यात आवडता जुना पिक्चर लावला, आणि पाच मिनिटांत बंद केला. काहीतरी विचित्र झालं होतं. सगळं गुळगुळीत, पळणारी माणसं तरंगल्यासारखी, एवढा मोठा नट दुपारच्या मालिकेतल्या जावयासारखा दिसायला लागला. वीसेक वेळा बघितलेला सीन, त्यात बाप दारात उभा राहतो आणि काही बोलत नाही, दरवेळी पोटात कालवतं, या वेळी ढिम्म. बायको म्हणाली वय झालं तुझं. कंपनीला फोन केला तर म्हणे पीस ओके आहे.

मोठा_पडदा_लहान_घर:
मोशन स्मूदिंग चालू आहे तुमचं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने बनवून घुसवतो आणि ६० किंवा १२० करतो. मालिका वर्षानुवर्षं व्हिडिओवर अशाच गुळगुळीत दिसत आल्या, म्हणून पिक्चर मालिकेसारखा वाटतो. बंद करता येतं.

कात्री_आणि_डिंक:
एक मिनिट, एक मिनिट. शे. रां., गोष्ट तीच होती ना?

शेवटची_रांग:
कळलं कुठे चाललायत ते.

कात्री_आणि_डिंक:
नट तोच? संवाद तेच? बाप त्याच दारात?

अर्धवट_अभ्यासू:
😂😂

शेवटची_रांग:
हसा. तो तक्ता अजूनही कचराच आहे आणि निळा म्हणजे दुःख नाही, यावरून मी तसूभर हलणार नाही. बाकीचं उद्या बोलू. मोठा_पडदा, ते बंद कुठून करायचं? सेटिंगमध्ये सतरा मेनू आहेत.

मोठा_पडदा_लहान_घर:
पिक्चर, मग अॅडव्हान्स्ड, त्यात 'मोशन' शब्द असलेलं काहीही दिसलं की ऑफ. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं असतं.

शेवटची_रांग:
झालं. बाप दारात उभा आहे. आता तासभर कुणी मेसेज करू नका.