मदत हवी आहे: हँडबॉलला लावायचा चिकट पदार्थ जळगाव-धुळ्याकडे कुठे मिळेल?

चोपड्याचा_मास्तर
नमस्कार मंडळी. वेळ कमी आहे म्हणून थेट मुद्द्यावर येतो. शाळेचा मुलींचा हँडबॉलचा संघ आहे, पुढच्या आठवड्यात जिल्हास्तर. चेंडू हातात टिकतच नाही. फेकायला हात मागे नेला की चेंडू मागच्या मागे पडतो. पोरींना दिल्लीच्या आशियाई महिला स्पर्धेची फायनल मोबाईलवर दाखवली, जपान-कोरिया. त्या पोरी एका हातात चेंडू धरून हवेत उडी मारतात आणि तो हलत नाही. नीट पाहिलं तर बोटांना काहीतरी लावलेलं दिसतं. मधूनच वाकून बुटाला हातही लावतात. तो पदार्थ कुठला आणि आपल्याकडे कुठे मिळेल? जळगावला खेळाच्या दुकानात विचारलं तर त्यांनी बॅटची ग्रिप काढून दाखवली. कृपया माहीत असेल तरच लिहावे.

तापीकाठ
रेझिन म्हणतात त्याला. पण आधी सांगा: पोरी 14 खालच्या, 17 खालच्या की 19? चेंडू किती नंबरचा? मैदान मातीचं की सिमेंटचं?

चोपड्याचा_मास्तर
गटाचा काय संबंध? पदार्थ सगळ्यांना एकच लागत असेल ना. मैदान शाळेचंच आहे.

भुसावळ_लोको
दिल्लीला जायचं असेल तर भुसावळहून पंजाब मेल, गोवा, कर्नाटक, झेलम, पाहिजे तेवढ्या गाड्या आहेत. शाळेच्या पोरी असतील तर ग्रुप बुकिंग आधीच करा. आता थंडीत धुक्याने गाड्या लेट होतात.

चोपड्याचा_मास्तर
दिल्लीची स्पर्धा डिसेंबर 2024 ला होऊन गेली हो साहेब. मी व्हिडिओबद्दल बोलतोय.

भुसावळ_लोको
मग ठीक. तरी पुढे-मागे जायचं झालं तर सांगा.

केळीवाला_रावेर
मास्तर, दुकानं कशाला फिरता. केळीचा दांडा कापला की जो चीक निघतो तो बोटांना लावा. आमच्याकडे घड उतरवणाऱ्या पोरांचे हात बघा, दिवसभर काही सुटत नाही. फुकट आहे, पाहिजे तेवढा देतो.

जुनी_विंगर
केळीवाले भाऊ, तो चीक गणवेशाला लागला की जन्मात निघत नाही. ओला असतो तेव्हा उलट बुळबुळतो. पोरींच्या आया तुम्हाला शोधत रावेरला येतील.

मास्तर, मी विद्यापीठाकडून खेळले आहे, डाव्या विंगला. तुम्ही व्हिडिओत बरोबर पाहिलंत. बुटाच्या टाचेवर किंवा बाजूला रेझिनचा गोळा थापून ठेवतात आणि लागेल तसा तिथून बोटाला घेतात. पण ती फायनल इंदिरा गांधी स्टेडियमच्या बंदिस्त हॉलमध्ये झाली, खाली स्वच्छ मॅट. तुमचं मैदान काळ्या मातीचं असेल तर विसरा. चेंडू एकदा खाली पडला की त्याला सगळी माती चिकटते, पाच मिनिटांत मातीचा लाडू होतो. आम्ही करून बसलोय. नंतर हात साफ करायला शेंगदाण्याचं तेल चोळत बसावं लागतं, साबणाने ते जात नाही. म्हणून विचारते, मैदान कसलं आणि चेंडूवर नंबर काय?

धुळेकर_भो
भो, पहिले हाई सांग, पोरी कितवी मा शेतस? बठ्ठं मोबाईलवर देखीसन येत नही.

चोपड्याचा_मास्तर
आठवी ते दहावी. 17 खालचा गट. मैदान मातीचं. झालं समाधान? आता कुणी दुकान सांगेल का?

नियमावली
दुकानाआधी एक महत्त्वाचं. जिल्हास्तरावर संयोजकांनी चिकट पदार्थाला बंदी घातली असेल तर खेळाडूला हात पुसून यायला सांगतात. अनेक हॉलवाले फरशी खराब होते म्हणून परवानगी देत नाहीत. आंतरराष्ट्रीय महासंघाने तर रेझिन न लावता खेळायचा वेगळा चेंडूही आणला आहे, नेहमीपेक्षा थोडा लहान आणि हलका. संयोजकांचं पत्रक वाचलंत का?

शिवाय तुम्ही विचारलं नसलं तरी सांगतो. पंचाने हात वर धरला की तो वेळकाढूपणाचा इशारा असतो. त्यानंतर सहा पासच्या आत गोलवर फेक केली नाही तर चेंडू समोरच्यांचा. पोरींना हे शिकवलंय का? सामने इथेच हातचे जातात.

तापीकाठ
सहा नाही, चार. 2022 च्या जुलैपासून चार झालेत.

नियमावली
मी पंचगिरी केलेली आहे. सहाच.

तापीकाठ
केव्हा केलीत? सहाचा नियम 2016 चा, तो बदलला. मास्तरांच्या व्हिडिओतच बघा, हात वर गेल्यावर पास मोजा.

नियमावली
जिल्हास्तरावर कोण एवढं मोजतंय. असो. चार धरून चला, म्हणजे नुकसान नाही.

पाटील_शिरपूर
सगळे चिकट पदार्थावर बोलताय, खेळावर कुणीच नाही. कोरियाने ही आशियाई स्पर्धा 16 वेळा जिंकली. 1987 ला अम्मानला सुरू झाली तेव्हापासून पहिल्या आठच्या आठ त्यांनीच नेल्या. 2012 पासून सलग सहा. आणि दिल्लीत जपानने एका गोलने पाडलं, 25-24. जपानला 2004 नंतर पहिल्यांदा मिळाली. जपानच्या पोरी काही धिप्पाड नाहीत, पण थांबत नाहीत. गोल खाल्ला की गोलकीपर चेंडू मध्यावर फेकते आणि समोरच्या मागे वळेपर्यंत या पुढे पोचलेल्या असतात. मास्तर, पोरींना पळवा. डिंकाने सामने जिंकत नाहीत.

भुसावळ_लोको
आणि भारताचं काय झालं? आपल्याच घरी स्पर्धा होती ना?

पाटील_शिरपूर
पहिल्या चारांत नव्हतो. जपान, कोरिया, कझाकस्तान, इराण. हे चौघे 2025 च्या जागतिक स्पर्धेला गेले, जर्मनी आणि नेदरलँड्सला. आपल्या संघात हिमाचलच्या पोरी जास्त येतात, तिकडे बिलासपूर जिल्ह्यात मोरसिंघी नावाचं गाव आहे, एका खेड्यातून किती खेळाडू निघाल्या बघा. खान्देशात शाळेला शिपाई मिळत नाही, कोच कुठला.

धुळेकर_भो
शिपाई मिळस, पगार मिळत नही.

जुनी_विंगर
मास्तर, चेंडूचा नंबर अजून सांगितला नाही तुम्ही.

चोपड्याचा_मास्तर
नंबर पुसला गेलाय. चेंडू संस्थेकडून आलाय, नवाच आहे, पोरींनी रगडून रगडून छाप गेला. हँडबॉल म्हणूनच बिल आहे.

जुनी_विंगर
शिंप्याकडची टेप घ्या आणि चेंडूच्या पोटाला गुंडाळा. मग किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. दोन्ही आकडे इथे टाका.

केळीवाला_रावेर
मास्तर, चीक नको तर नको. पोरींना सरावानंतर दोन-दोन केळी तरी द्या. पेटी पाठवतो, पत्ता कळवा.

चोपड्याचा_मास्तर
टेपने 59 सेंटीमीटर. वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. आता?

जुनी_विंगर
मला तेच वाटत होतं. हा तीन नंबरचा चेंडू आहे. पुरुषांचा. घेर 58 ते 60, वजन 425 ते 475. कोरियाच्या बायकासुद्धा याने खेळत नाहीत, त्या दोन नंबरच्या चेंडूने खेळतात. त्याचा घेर 54 ते 56 आणि वजन 325 ते 375 ग्रॅम. तुमच्या आठवीतल्या पोरीचा पंजा केवढा, बोटं पसरून त्या चेंडूवर ठेवून बघा. अंगठा आणि करंगळी अर्ध्यापर्यंत सुद्धा येणार नाहीत. मागे पडणार नाही तर काय होईल?

नियमावली
मुलींना एक नंबर द्यावा. हलका असतो, 50 ते 52 घेराचा.

जुनी_विंगर
एक नंबर 14 वर्षांपर्यंतच्या मुलींना. 17 च्या गटात सामना दोन नंबरनेच होणार. एकने सराव केला तर मैदानात गेल्यावर पुन्हा हात बिघडेल.

नियमावली
सुरुवातीला पकड यायला एक नंबर चांगला, मी अजूनही म्हणतो.

तापीकाठ
सामना पुढच्या आठवड्यात आहे सर. सुरुवात कुठली आता.

चोपड्याचा_मास्तर
चेंडू बदलणं माझ्या हातात नाही. खरेदी संस्था करते, पुन्हा मागणी, मंजुरी, कोटेशन, तोवर पोरी दहावी पास होतील. म्हणून तर पदार्थ विचारतोय. रेझिनचा डबा ऑनलाइन किती दिवसांत येतो?

धुळेकर_भो
मास्तर हट सोडत नही.

पाटील_शिरपूर
डब्याच्या पैशात दोन नंबरचा साधा चेंडू येतो. जालंधर-मेरठचा माल जळगावला मिळतो. फक्त दुकानात जाऊन ‘हँडबॉल’ म्हणू नका, ‘लेडीज, दोन नंबर’ म्हणा. नाहीतर तो परत बॅटची ग्रिप दाखवेल.

जुनी_विंगर
चेंडू मी देते. अमळनेरला असते. माझ्याकडे दोन नंबरचे पडून आहेत, जुने आहेत, कातडं खरबरीत झालंय. तेच बरं, नवा गुळगुळीत असतो. शनिवारी कुणालातरी पाठवा. आणि येईपर्यंत तीन नंबरचा कपाटात ठेवा, त्याने सराव नको. मनगट दुखावलं तर ऐनवेळी पंचाईत होईल. गोलकीपरला मात्र मधूनमधून त्यानेच फेकी झेलू द्या, दोन नंबर मग सोपा वाटतो.

हाताला घाम येत असेल तर टॉवेल ठेवा, आणि चेंडू धुळीत पडला की लगेच पुसा. मातीच्या मैदानावर एवढंच रेझिन.

चोपड्याचा_मास्तर
शनिवारी मीच येतो, मोटारसायकलवर. संपर्क व्यनि (खाजगी निरोप) करा. तरी कुणाला रेझिनचं दुकान माहीत असेल तर टाकून ठेवा, पुढे हॉलमध्ये खेळायची वेळ आली तर लागेल.

तापीकाठ
मास्तर, सरावाचं मैदान 40 बाय 20 आखलंय ना? सहा मीटरची रेघ गोलपोस्टपासून मोजलीय ना?

चोपड्याचा_मास्तर
बास्केटबॉलचं मैदान आहे, तेच वापरतो. गोलपोस्ट म्हणून दोन बाक उभे करतो.

नियमावली
बाक??

तापीकाठ
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं हो!

केळीवाला_रावेर
गोलपोस्टला बांबू पाहिजे तर सांगा. केळीला टेकू द्यायचे आहेत, सरळ निवडून देतो.

जुनी_विंगर
बांबू घ्या मास्तर. तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच. केळीवाले भाऊ, चार उभे आणि दोन आडवे, असे सहा लागतील. शनिवारी येताना अमळनेरहून जाळीही घेऊन जा, फाटकी आहे पण चालेल.