मदत हवी आहे: ३३० वॅटचं पॅनल, १२ व्होल्टची बॅटरी, कंट्रोलर कोणता घेऊ?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. उन्हाळ्यात रात्रीची लाइन गेली की आईले उकाड्यानं झोप लागत नाही, म्हणून घरीच सोलर बसवतो आहे. दोन डीसी पंखे, चार एलईडी बल्ब, मोबाइल चार्जिंग, एवढंच चालवायचं आहे.

पॅनल ७२ सेलचं, मागच्या लेबलवर ३७.५ व्होल्ट, ८.८ अँपिअर. बॅटरी १५० एएचची (अँपिअर-अवर) ट्यूब्युलर. पॅनल अन् बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर लागतो; दुकानदार म्हणतो, साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर चालते. मला ते पटत नाही. पीडब्ल्यूएम पॅनलचा व्होल्टेज बॅटरीच्या पातळीवर ओढतो, म्हणजे १३ गुणिले ८.८, जेमतेम ११५ वॅट. बाकी सारं वाया! दुसरा प्रकार एमपीपीटी, तो पॅनलचा जास्तीचा व्होल्टेज करंटमध्ये बदलतो; महाग आहे, पण ३३० वॅटला बॅटरीकडे २५ अँपिअरच्या आसपास करंट येईल, म्हणजे ३० अँपिअरचा पुरेल. बरोबर आहे ना? कोणी वापरत असाल तर नक्की सांगा.

दुसरं, छत टिनाचं आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो अन् टिनाला हात लावला तर चटका बसतो. पॅनल तापलं की २५ अंशांच्या वर दर अंशाला ०.४ टक्क्याच्या जवळपास पॉवर घटते. मग टिन अन् पॅनलमध्ये हवा खेळायला किती जागा सोडू? जास्त उचललं तर मृगाआधीच्या वादळात अँगलसकट उडायची भीती. दक्षिणेकडे २० अंश उतार देतो आहे.

बॅटरीजवळचा फ्यूज किती अँपिअरचा टाकू, तेही सांगा भाऊ.