मदत हवी आहे : संघीय न्यायालयाचा आदेश आणि राज्याच्या अधिकाऱ्यांचे कर्तव्य

सर्व अभ्यासकांना सविनय नमस्कार. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी मी अमेरिकी संघराज्यावर एक टिपण लिहीत असून एका मुद्द्यावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

१९५७ साली आर्कान्सा राज्याचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू नये म्हणून नॅशनल गार्ड हे राज्याचे राखीव सैनिकी दल उभे केले, तेव्हा अखेर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना तेथे लष्कर पाठवावे लागले. त्या मुलांनी जे सोसले, ते वाचताना आजही मन अस्वस्थ होते. पुढे १९५८ च्या 'कूपर विरुद्ध एरन' निकालात, राज्याचे अधिकारी संघीय संविधानाच्या आपण लावलेल्या अन्वयार्थाने बांधलेले आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बजावले. मात्र १९९७ च्या 'प्रिंट्झ' निकालानुसार संघीय कायदा राबवण्यासाठी काँग्रेस (अमेरिकी संसद) राज्याच्या अधिकाऱ्यांना जुंपू शकत नाही.

मग जो काउंटी शेरीफ (राज्यातील जिल्हास्तरीय पोलीस अधिकारी) मूळ खटल्यात पक्षकारच नाही, त्याचे कर्तव्य संघीय न्यायालयाच्या आदेशाच्या आड न येण्यापुरतेच आहे, की तो आदेश बजावणाऱ्या संघीय मार्शलांना सक्रिय साहाय्य करणेही त्यात येते? आपल्या संविधानातील अनुच्छेद १४४ सर्व प्राधिकाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या साहाय्यार्थ कार्य करण्यास स्पष्टपणे बांधतो, म्हणून हा फरक मला विशेष महत्त्वाचा वाटतो. कृपया संबंधित निकाल सुचवावेत.